वेसावीनचा चुकलेला पत्ता

माझ्या नावापुढे डॉक्टर लागतं, याचा नाहूरच्या आमच्या सोसायटीला सुरुवातीला फार आनंद झाला होता. राहायला येऊन आठवडा झाला नसेल, तोच बी विंगमधले देसाईकाका साखरेचा रिपोर्ट घेऊन दारात उभे. मी म्हटलं, "काका, मी ती डॉक्टर नव्हे. मी रसायनशास्त्राची." त्यांनी रिपोर्टची घडी घातली आणि समजूतदारपणे विचारलं, "मग तुम्ही नक्की काय बघता?"

"समुद्रातले स्पंज," मी म्हणाले.

ही बातमी लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मी माशांची डॉक्टर झाले होते. पुढच्या रविवारी तिथले मेहता काचेच्या बरणीत एक सोनेरी मासा घेऊन आले. तो एका बाजूला कलून पोहत होता. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. "पाणी बदला," मी सांगितलं. मासा बरा झाला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून बरा झालेला तो एकमेव जीव.

नोकरी अंधेरीच्या एका कॉलेजात. शिकवणं हे पगाराचं काम आणि समुद्री जिवांमधली रसायनं शोधणं हे आवडीचं. स्पंज म्हटलं की लोकांना भांडी घासायचा आठवतो. मी म्हणते तो प्राणी आहे. खडकाला चिकटून आयुष्य काढतो. त्याला पळता येत नाही, दात नाहीत, कवच नाही. मासा खायला आला तर तो करणार काय? मग तो अंगात असं काहीतरी तयार करतो की मासा एक लचका तोडून, तोंड वाकडं करून निघून जातो. ते 'काहीतरी' काय आहे हे आम्ही शोधायचं. स्पंज मेथॅनॉलमध्ये भिजत घालायचा, चहासारखा अर्क उतरवायचा, त्यातले पदार्थ एकेक करून वेगळे करायचे. शेवटी घमेलंभर चिखलातून चिमूटभरही नाही अशी पांढरी पावडर हाती आली, की तिचा रेणू कसा जोडलाय ते ओळखायचं. कोणत्या अणूने कोणाचा हात धरलाय, एवढंच. ऐकायला दोन मिनिटं लागतात. करायला माझे सगळे केस पिकले.

माझा पहिला शोध मात्र फार पटकन लागला होता. पीएचडीच्या पहिल्याच वर्षी एका स्पंजातून मला एक तेलकट पदार्थ मिळाला, भरपूर आणि अगदी शुद्ध. मी हवेत. घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा परळच्या गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर भांडुपला एका कारखान्यात वॉचमन झाले. त्यांनी शेजारपाजारच्या सगळ्यांना सांगून टाकलं की सुलभाने समुद्रातून औषध काढलं. चार दिवसांनी माझ्या सरांनी आलेख बघितला आणि विचारलं, "स्पंज कशातून आणला होतास?"

"पिशवीतून."

"कसल्या पिशवीतून?"

प्लास्टिकच्या. पिशवी मऊ राहावी म्हणून तिच्यात जे घालतात, ते मेथॅनॉलमध्ये उतरलं होतं आणि मी ते शोधून काढलं होतं. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "काय गो, मगे गावला काय औषध?"

"नाय बाबा. प्लास्टिक गावला."

बाबांनी क्षणभर विचार केला. म्हणाले, "तां तर आपल्या घरात पण आसा." आणि पेपर वाचायला लागले. तेव्हापासून मी काचेच्या बरण्या वापरते.

वेसावीनची गोष्ट त्यानंतर पुष्कळ वर्षांनी सुरू होते. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात गुलाबमावशी म्हणून एक बाई आहेत. त्यांच्या जावयाची बोट. जाळ्यात मासळीबरोबर येणारा कचरा त्या वेगळा टाकत, आणि त्या कचऱ्यात माझा स्पंज असे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या सुकटीचा ढीग पसरत बसल्या होत्या. माझ्या हातातली बरणी त्यांनी निरखून बघितली.

"काय गो, ह्याचा कालवण करतंस काय?"

"नाही मावशी, अभ्यास करते."

"कचऱ्याचा?"

"हो."

"कालेजान शिकवतंस ना तू?" त्यांनी खात्री करून घेतली. मग शेजारणीकडे बघून म्हणाल्या, "बघ, पोरींना उगाच शिकवू नको." दोघी पोट धरून हसल्या. तरीही दर वेळी माझ्यासाठी बाजूला काढलेलं असायचं, पाण्यात बुडवलेलं, झाकण लावून.

त्या कचऱ्यातल्या एका केशरी स्पंजातून मला अकरा मिलिग्रॅम पांढरा पदार्थ मिळाला. या वेळी पिशवीचा संबंध नव्हता. तो खरोखर नवीन होता, आधी कोणीही न पाहिलेला. त्याची रचना शोधायला मला दोन वर्षं लागली. वर्सोव्याचे कोळी आपल्या गावाला वेसावे म्हणतात, म्हणून मी त्याला नाव दिलं 'वेसावीन'. त्याच्या रचनेवरचा माझा पेपर छापून आला. कॉलेजने वार्षिक समारंभात मला अ‍ॅक्रिलिकची एक ढाल दिली, तिच्यावर वेसावीनची रचना कोरलेली. ती मी माझ्या टेबलामागच्या भिंतीवर लावली, अशी की समोर बसलेल्या माणसाला ती दिसलीच पाहिजे. वेसावीनचा कुठल्याही रोगावर काडीचाही उपयोग नाही, हे पुढच्या वर्षभरात सिद्ध झालं. पण ते ढालीवर लिहिलेलं नव्हतं.

इथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. रेणू दिसत नाही. आम्ही यंत्रात पदार्थ घालतो, यंत्र आलेख काढून देतं आणि आलेखावरून आम्ही अंदाज बांधतो. फ्लॅटच्या भिंतीतून शेजारच्या घरातले आवाज ऐकून तिथे किती माणसं आहेत आणि कोण कोणाशी बोलत नाही हे ओळखावं, तसं. नव्वद टक्के बरोबर येतं. पण शेजारी जाऊन प्रत्यक्ष बघायचं असेल तर पदार्थाचा स्फटिक लागतो. स्फटिकात रेणू शाळेच्या कवायतीसारखे रांगेत उभे असतात. त्यांच्यावर क्ष-किरण टाकले की ते ठरावीक दिशांना विखुरतात, आणि त्यावरून प्रत्येक अणूची जागा गणिताने काढता येते. मग अंदाज नाही, थेट पत्ता. अडचण एवढीच की स्फटिक व्हावा की नाही हे पदार्थ ठरवतो. वेसावीनने तेव्हा ठरवलं होतं की व्हायचं नाही. त्याचा नुसता डिंक व्हायचा. म्हणून मी आलेखांवर भागवलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी मानसी घाग माझ्याकडे पीएचडीला आली. बोरिवलीची, बोलायला फटकळ, हाताने विलक्षण कुशल. तिला मी काम दिलं, वेसावीन प्रयोगशाळेत बनवायचं. साध्या, बाजारात मिळणाऱ्या रसायनापासून सुरुवात करून एकवीस पायऱ्यांनी तो रेणू उभा करायचा. शेवटी बनवलेल्या पदार्थाचा आलेख स्पंजातून काढलेल्या पदार्थाच्या आलेखाशी तंतोतंत जुळला, की झालं.

दोन वर्षांनी मानसी एकविसाव्या पायरीला पोचली. आलेख जुळला नाही. थोडासाच, एका कोपऱ्यात, पण जुळला नाही.

दर शनिवारी चार वाजता आमची बैठक असे. पाच विद्यार्थी, मी, आणि कॅन्टीनचा वडापाव. तिथे तिने दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले. मी म्हटलं, "परत कर." तिने परत केलं. एक पायरी बिघडली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, म्हणजे चार महिने. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळीही जुळलं नाही तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "हात स्वच्छ नसतील तर रेणू स्वच्छ येत नाही."

मानसीने वडापाव खाली ठेवला. "मॅडम, एक विचारू? पेपर चुकला असेल का?"

खोलीतली बाकी चौघं एकदम आपापल्या वह्यांत बघायला लागली.

"तो पेपर छापून आला तेव्हा तू शाळेत होतीस," मी म्हणाले. जसं काही पेपर जुना झाला की आपोआप खरा होतो.

"हो मॅडम. पण शाळेतली पुस्तकंपण बदलतात ना."

मी बैठक संपवली. त्या दिवशी घरी जाताना मला तिचा राग येत होता. आता विचार केला तर तो राग तिच्या प्रश्नाचा नव्हता. तो प्रश्न तिने सगळ्यांसमोर विचारला, याचा होता. मी मात्र तिचे हात सगळ्यांसमोरच अस्वच्छ ठरवले होते, हे तेव्हा सुचलं नाही.

मानसीने मला न विचारता एक गोष्ट केली. तिने ठरवलं की आपण जे बनवलंय त्याचा स्फटिक करायचा आणि आपण नक्की काय बनवलंय ते बघायचं. तिचा पदार्थ तसा सरळ स्वभावाचा होता, स्फटिक व्हायला तयार होता. पण कॉलेजबाहेर तेव्हा मेट्रोचं काम चालू होतं. दिवसभर जमिनीत खांब ठोकत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या प्रयोगशाळेत टेबलावरचा चहा थरथरायचा. स्फटिकाला एकच गोष्ट लागते, त्याला कोणी हलवू नये. तिच्या बाटलीत नुसता भुगा पडायचा.

म्हणून ती बाटली घेऊन तळमजल्यावर ग्रंथपाल खोपकरांकडे गेली. हे मला नंतर दोघांकडूनही ऐकायला मिळालं. खोपकर म्हणजे 'शांतता राखा' या पाटीखाली बसून ती पाटी अमलात आणणारे गृहस्थ. ग्रंथालयाच्या मागे त्यांची जुन्या नियतकालिकांची कोठी, दगडी भिंतींची. कॉलेजात तेवढीच एक जागा हलत नव्हती.

"बाटलीत काय आहे?" खोपकरांनी विचारलं.

"माझी पावणेतीन वर्षं आहेत, सर."

खोपकरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग रजिस्टर उघडून लिहिलं, 'बाटली, नग एक. बाहेर देण्यासाठी नाही.' बाटलीला पुस्तकासारखा नंबर दिला आणि सर्वांत खालच्या फळीवर ठेवली. त्या कोठीचं दार आपटणाऱ्या एका प्राध्यापकाला त्यांनी त्या दिवसांत फार सुनावलं म्हणे. तो प्राध्यापक अजूनही कारण शोधतोय.

एकोणीस दिवसांनी त्यांचा प्रयोगशाळेत फोन आला. तो नेमका मी घेतला. "सावंत मॅडम, तुमच्या त्या बाटलीत काहीतरी उगवलंय. बुरशी असेल तर ताबडतोब घेऊन जा. इथे जुनी पुस्तकं आहेत."

"कोणती बाटली?" मी विचारलं. तेव्हा मला सगळं कळलं. मी चिडणार होते, पण खाली जाऊन बाटली उजेडात धरली आणि चिडायचं राहून गेलं. तळाशी साखरेच्या दाण्याएवढे, स्वच्छ, टोकदार स्फटिक होते. मानसी माझ्यामागे येऊन उभी होती. "सॉरी मॅडम," ती म्हणाली, पण आवाज सॉरीचा नव्हता.

स्फटिक आम्ही अय्यरकडे पाठवले. अय्यर माझा एमएस्सीचा वर्गमित्र, घाटकोपरला वाढलेला, शहरातल्या एका मोठ्या संस्थेत क्ष-किरणांच्या यंत्रावर आयुष्य काढलेला. आठवड्याने त्याचा फोन आला.

"सुलभा, बसलीयस ना?"

"उभी आहे. बोल."

"बस आधी. हे बघ, पोरीने जे बनवायचं म्हटलं होतं ना, तेच बनवलंय. तुझ्या पेपरात जसं आहे तस्सं. एक अणू इकडचा तिकडे नाही. झकास क्रिस्टल आहे यार!"

"मग जुळत का नाही?"

"ते मला काय विचारतेस?" अय्यर म्हणाला. "कशाशी जुळवतेयस ते बघ ना."

मी खरोखरच बसले. मानसीने पेपरातली रचना हुबेहूब बनवली होती. तरी ती स्पंजातल्या पदार्थाशी जुळत नव्हती. म्हणजे स्पंजात जे होतं, ते पेपरात नव्हतं. पेपर माझा होता.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी माळ्यावरची जुनी वही काढली. वेसावीनच्या पानांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही, ती पानं मला पाठ होती असं मला वाटत होतं. एका पानाच्या कडेला पेन्सिलीने, माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'ऑक्सिजन सहाव्याला की सातव्याला? नंतर बघू.' रेणूतल्या कार्बनना आम्ही क्रमांक देतो. एका ऑक्सिजनने सहाव्या कार्बनचा हात धरलाय की शेजारच्या सातव्याचा, याची मला त्या वेळी शंका आली होती. पुढच्या पानावर मी सहावा गृहीत धरून पुढे गेले होते. नंतर बघितलंच नव्हतं. ती ओळ लिहिल्याचंही मला आठवत नव्हतं. चूक झाल्याचं वाईट वाटतं, पण ती आपल्याला माहीत होती हे कळल्यावर जे वाटतं, त्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझे सहकारी नाईक स्वभावाने चांगले. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "पुढच्या वर्षी रिटायर होताय, मॅडम. कशाला उकरता? कोण बघतंय? मुलीला दुसरा विषय द्या, थिसिस होईल." मी त्यांना रागावले नाही, कारण एक अख्खा रविवार मीही हाच विचार केला होता. भाजी निवडताना तर तो मला अगदी योग्य वाटला होता.

पण शनिवार आला. मी बैठकीत वडापाव यायच्या आधीच बोलून टाकलं, कारण तोंडात काही असताना बोलायचं हे वाक्य नव्हतं. "मानसीचे हात स्वच्छ आहेत. माझी वही स्वच्छ नव्हती. मी तिला सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते." आणि ती वही मधोमध ठेवली, त्या पानावर उघडून.

चौघांनी ती ओळ वाचली. मानसीने सगळ्यात शेवटी वाचली. मला वाटलं ती काहीतरी लागेल असं बोलेल, आणि तिला तो हक्क होता. ती म्हणाली, "पण मग सातव्यालाच आहे, हे कशावरून?"

तिचं बरोबर होतं. एक अंदाज चुकला म्हणून दुसरा अंदाज खरा ठरत नाही. स्पंजातल्या मूळ वेसावीनचाच स्फटिक करायला हवा होता. आणि माझ्याकडचा शेवटचा कण तेव्हाच, रोगांवरच्या तपासण्यांमध्ये संपला होता. तिला थिसिस जमा करायला आठ महिने राहिले होते.

म्हणून आम्ही दोघी वर्सोव्याला गेलो. मधे बरीच वर्षं मी गेले नव्हते. गुलाबमावशींनी मला ओळखलं ते बरणीमुळे.

"आयलीस? मना वाटला, तुझा कचरा संपला."

मी केशरी स्पंजाचं वर्णन केलं, फोटो दाखवला. "मावशी, याला तुम्ही काय म्हणता? म्हणजे बोटवाल्यांना विचारता येईल."

"त्याला कनाला नाव ठेवायचा?" मावशी म्हणाल्या. "खायचा नाय, इकायचा नाय."

"मॅडमनी ठेवलंय," मानसी म्हणाली. "त्याच्यातल्या रसायनाला. वेसावीन. तुमच्या गावावरून."

मावशींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "आमच्या गावाचा नाव? कचऱ्याला?" मला वाटलं संपलं, आता बरणी रिकामीच परत जाणार. पण त्या पुन्हा म्हणाल्या, "मंग आता तरी नीट कर."

हे त्या कशाबद्दल म्हणाल्या कोण जाणे. मी त्यांना चुकीचं काही सांगितलेलं नव्हतं. मानसी खोकल्याचं निमित्त करून खाडीकडे बघायला लागली.

तो स्पंज आता खाडीच्या तोंडाशी येत नव्हता. जावई म्हणाला, मढच्या पलीकडच्या खडकांकडे मिळतो कधीकधी. आम्ही तीनदा गेलो, फेरीबोटीने पलीकडे, मग ओहोटीच्या वेळा बघून खडकांवरून चालत. दोनदा फक्त माझी चप्पल वाहून गेली. तिसऱ्यांदा जावयानेच जाळ्यात अडकलेला एक गोळा आणून दिला, मुठीएवढा. त्यातून अर्क काढून, वेगळं करून, मानसीच्या हाताने सहा मिलिग्रॅम वेसावीन आलं. माझ्या हाताने तीन आलं असतं.

बाटली पुन्हा खोपकरांकडे. पहिल्या वेळी डिंक. दुसऱ्या वेळी वेगळ्या द्रावकात विरघळवून ठेवली, तर भुगा. तिसऱ्यांदा घेऊन गेलो तेव्हा खोपकर म्हणाले, "दोनपेक्षा जास्त वेळा नूतनीकरण करता येत नाही. नियम आहे."

"सर, ते पुस्तकाला," मानसी म्हणाली.

"रजिस्टरात नोंद आहे म्हणजे नियम लागू," खोपकर म्हणाले आणि जुना नंबर खोडून बाटलीला नवीन नंबर दिला. "ही दुसरी बाटली समजू."

पाच आठवडे काही झालं नाही. मी दिवसातून दोनदा काहीतरी संदर्भ बघायच्या निमित्ताने ग्रंथालयात जायचे. शेवटी खोपकरांनी मला बंदी घातली, कारण मी चालल्यामुळे फरशी हलते असं त्यांचं म्हणणं होतं. माझ्या वजनावर याहून सभ्य टीका कोणी केलेली नाही. सहाव्या आठवड्यात त्यांचा फोन आला. फक्त तीन शब्द. "या. बुरशी नाही."

सुयांसारखे स्फटिक होते, केसापेक्षा जरा जाड. त्यातला एक अय्यरच्या यंत्राला पुरला. सातवा. ऑक्सिजन सातव्या कार्बनला धरून बसला होता, पहिल्यापासून, निवांत. चुकीचा पत्ता फक्त मी छापला होता.

दुरुस्तीचा पेपर आम्ही लिहिला. पहिलं नाव मानसीचं. माझ्याच जुन्या पेपराबद्दल 'पूर्वी दिलेली रचना चुकीची आहे' हे वाक्य मी चार वेळा सौम्य केलं आणि मानसीने चारही वेळा परत होतं तसं केलं. तो छापून आल्यावर जगात काहीही झालं नाही. दोन ईमेल आले. एक अभिनंदनाचा. दुसरा परदेशातल्या एका प्राध्यापकाचा. त्यांनीही माझ्या पेपरातलं वेसावीन बनवायला घेतलं होतं. त्यांचा विद्यार्थी तीन वर्षं झगडला, आलेख जुळेना, स्वतःच्याच कामात दोष आहे असं समजून संशोधन सोडून गेला. त्यांनी अतिशय सभ्यपणे लिहिलं होतं की आता त्याला कळवता येईल. मी उत्तरात त्याचा पत्ता मागितला आणि त्याला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. यायला हवं असंही नाही. एवढी एक गोष्ट मला गमतीने सांगता येत नाही, म्हणून इथेच थांबवते.

मानसीची तोंडी परीक्षा मी निवृत्त व्हायच्या आदल्या महिन्यात झाली. बाहेरगावाहून आलेले परीक्षक वयाने मोठे, आवाजाने त्याहून मोठे. मी दुसऱ्या रांगेत. खोपकर शेवटच्या रांगेत, ग्रंथालय बंद करून आलेले. हे कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं. मानसी पाऊण तास नीट बोलली. मग परीक्षकांनी थिसिस चाळत विचारलं, "मूळ रचनेत ही चूक कोणाची होती?"

थिसिसच्या पहिल्याच पानावर मार्गदर्शक म्हणून माझं नाव होतं आणि संदर्भसूचीतल्या चुकलेल्या पेपरवरही. परीक्षकांना दिसत नव्हतं असं नाही. हॉलमधल्या निम्म्या माना माझ्याकडे वळल्या.

"आमच्या लॅबची, सर," मानसी म्हणाली. "आमची चूक होती."

"तुम्ही तेव्हा लॅबमध्ये नव्हता."

"नाही सर. पण आमचीच."

परीक्षकांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. पुढचे दोन प्रश्न काय होते ते मला सांगता येणार नाही. माझा चष्मा धुरकटला होता.

निकाल जाहीर झाला, टाळ्या झाल्या, सामोसे आले. अहवालावर सह्या करायला आम्हाला शेजारच्या खोलीत बसवलं होतं. मानसी कागद घेऊन आली तेव्हा परीक्षक अजून सामोशांपाशीच होते, खोलीत आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, "आमची चूक कशाला म्हणालीस गं? सरळ नाव घ्यायचं."

"कसं घेणार, मॅडम?" ती म्हणाली. "तुमची सही व्हायची बाकी होती ना."

मी हसले, पेन घेतलं आणि सही केली. वर बघितलं तर मानसी कागदाकडे बघत होती. मी बाह्य परीक्षकांच्या रकान्यात सही केली होती. तिने ड्रॉवर उघडला, व्हाइटनरची बाटली शोधली आणि हलवून माझ्यापुढे ठेवली.